एकच सूर धरायचा

कामथडी, गुरुवार संध्याकाळ

भजनाहून आत्ताच आलो. जेवायला बसावंसं वाटेना.

ग्रीसमध्ये गॅरेजात कामाला होतो, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या गायकानं मला शेजारी उभं करून शिकवलं. धर्म विचारला नाही, कान तपासला. ते वर गायचे, आम्ही खाली एकच सूर धरायचो. चाल वळली की ऐकून सूर हलवायचा, बस.

तेच आज आमच्या भजनी मंडळाला शिकवायला गेलो. पण ह्यांना बुवांच्या मागं ओळ म्हणायची सवय. ‘सूर सोडू नका’ म्हटलं तरी बुवांनी ओळ टाकली की सगळे तीच उचलतात. मग मी एकट्यानंच धरला.

पेटीवाले तात्या म्हणाले, “शेठ, कशाला घसा फोडताय? ह्ये बघा.” पेटीची एक पट्टी दाबून तिच्या फटीत काड्यापेटीतली काडी खोचली, भाता हलवला, सूर चालू. सगळे हसले. मीही हसलो.

काडी! आणि वाईट हे की भजन रंगलं. माझा कान मला खोटं सांगत नाही. त्या चालीला सूर हलवायची गरजच नव्हती. मग मला कशाचं एवढं लागलं? मंडळाचा स्पीकर मी दिलेला, त्यामुळं पुढच्या गुरुवारीही पहिला चहा मलाच. पण जे काम काडी करते, ते माझ्याकडं कोण मागणार?

मघाशी मोबाईलवर एकट्यानं सूर धरून रेकॉर्ड केला. ऐकला. पक्का लागलाय, पण वर कोणीच गात नाही. तसाच ग्रीसमधल्या त्या म्हाताऱ्या गायकाला पाठवला. खाली मोडक्या ग्रीकमध्ये लिहिलं, वरचं तुम्ही गा.