चौरंगाखालचा भुसा

निपाणी, माघ वद्य तृतीया, संध्याकाळ

आज आमच्या जैन मंदिरात, बस्तीत, देवासमोर मी पोथीचं एक पान, अडखळत का होईना, वाचलं. पंडित हसले. "हे घुणाक्षर! घुण लाकूड कोरतो, चुकून अक्षर उमटतं. किड्याला काय कळतंय त्यातलं?" बायकाही हसल्या. मी पोथीच्या चौरंगाखाली पडलेल्या लाकडाच्या भुशाकडं बघत राहिले.

येताना कानडी सुताराला घुण विचारला. "आमच्यात नुसतं हुळ म्हणत्यात, म्हणजे किडा, आक्का." हिंदी बोलणारा धान्यवाला म्हणाला, घुन गव्हात पडतो. अक्षराचं कुणीच बोललं नाही. मग पंडितांनाच बरं ते सुचलं!

असू दे, मी किडा तर किडा. पण तो चौरंग पक्का सागवानी आहे, आणि तरी खाली भुसा पडलाय. उद्या पुढचं पान वाचणार. किडा काय कुणाला विचारून लाकडात शिरतो?