सडक्या मुळ्याचा वास

प्रिय चिमू,

फोनवर मी 'सगळं ठीक आहे' म्हणतो आणि तुला ते पटत नाही, हे मला कळतं. म्हणून आज लिहायला बसलोय.

निवृत्त झालो तरी संग्रहालयवाले अडलं-नडलं की मला खनिजं तपासायला बोलावतात. मध्यंतरी उमांगाइटचा म्हणून एक नमुना आला. तांबं आणि सेलेनियम यांचं हे खनिज फार क्वचित हाती लागतं. लहानपणी दिसलं असतं तर तू खिशातच घातलं असतंस. ताजा तुकडा फोडला की धातूची चकाकी, काळसर लाल रंग, आणि बघता बघता त्यावर जांभळी झाक चढते. मऊ इतकं की सुरीने ओरखडा उठतो. खात्रीसाठी मी कणभर चुरा कोळशावर ठेवून फुंकणीने ज्योत दिली. सेलेनियम तापलं की सडक्या मुळ्यासारखा वास सुटतो. एकदा घेतला की माणूस जन्मात विसरत नाही. मला तो आलाच नाही. हे उमांगाइट नव्हे, असं सांगणार, तोच शेजारच्या टेबलावरची सहकारी नाकाला रुमाल लावून उठली. म्हणाली, "सर, खिडकी उघडते हं. बसवत नाहीये इथे." मी म्हणालो, "हो, फारच आहे." आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर 'उमांगाइट' लिहून घरी आलो.

घरी लसूण ठेचून हुंगला, कॉफीचा डबा नाकाशी धरला. काही नाही. डॉक्टरीणबाईंनी मला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली. मेंदूचा आजार आहे म्हणाल्या. "बऱ्याच जणांचं नाक आधी जातं, हात मागाहून." माझं अक्षर मुंगीएवढं झालंय ते त्यामुळेच. हा बरा होत नाही, फक्त लांबवता येतो. कशासाठी लांबवायचा, हे काही मला सुचत नाही. तू धीर देऊ नकोस. तोही आता नकोसा झालाय.

पण पत्राचं कारण निराळं आहे. तुझी आई गेल्यावर तिचा राखाडी स्वेटर मी धुतला नव्हता. रोज कपाट उघडून त्यात तोंड खुपसायचो. मग एकदा तिचा वास येईनासा झाला. मला वाटलं, उडून गेला. त्या दिवशी आई दुसऱ्यांदा गेली. आता कळतंय, वास कदाचित तिथेच असेल. गेलं ते माझं नाक. स्वेटर या पत्रासोबत पाठवतोय. एकटी असताना उघड. त्यात आई असली, तर लगेच फोन कर. नसली, तर त्याबद्दल माझ्याशी कधीच काही बोलू नकोस.

तुझाच,
बाबा