गडग्यावरून गेलेलं ताट

८ नोव्हेंबर १९५७, शुक्रवार
तारीख बाईंनी घातली. शाळेच्या बाई, माझ्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहतात. मी सांगते, त्या लिहितात. पुढे मला वाचून दाखवणारही त्याच. म्हणून पहिलं हेच लिहा बाई, की ही वही कपाटात वरच्या खणात. परवा छत्री शाळेत राहिली, काल चष्मा न्हाणीत सापडला. वही तरी सांभाळा.
माझं मालवणी पुसून शुद्ध करतात. करू देत. मला कुठे वाचायचंय.

१० नोव्हें., रविवार
खळं झालं. म्हणजे अर्धं. अंगण उकरलं, पाणी मारलं, गड्याने चोपलं, मी सारवलं. पलीकडचं अर्धं धाकट्या जावेनं, इंदूनं. मधे दगडाचा गडगा. शिमगा झाल्यावर तिच्या नवऱ्याने, भावजींनी, वाटणी करून घातला. भांडण भावाभावांचं. आमचे हे त्याआधीच गेले, भांडण मागे ठेवून.
तेव्हापासून इंदू बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या पदराआड उभी राहायची. मुंबईहून मुलाचं पत्र आलं की तीच वाचायची, चार बुकं शिकलेली. आता बाई वाचतात. चांगलं वाचतात. मधे थांबून हसत मात्र नाहीत.
दरवर्षी खळं झालं की दोन्ही घरच्या चुली बंद. खळ्यातच बांगडे भाजायचे, सगळ्यांनी

१३ नोव्हें., बुधवार
ठरलं. चोवीस तारखेचा रविवार. बांगडे भाजणार.
बाई म्हणाल्या, "आजी, या वयात कशाला दगदग?"
दगदग कसली. मीठ, हळद, कोकमाचं आगळ चोळलं की बांगड्याचं काम संपलं. ताटं काढायची नाहीत, केळीची पानं. सोलकढी दुपारीच करून ठेवायची. भाकऱ्या थापत बसायचं नाही, भाताचा एक टोप. लाकडं फोडायची नाहीत, नारळाची सोडणं ढीगभर पडलीत. आणि मी पाटावरून उठायचं नाही. बसून हुकूम सोडायचे.
पाहुण्या म्हणजे शाळेतल्या दोन बाई. इंदूचं नाव मी घेतलं नव्हतं, बाईंनीच विचारलं. काय सांगू. पुढे चला.

१९, मंगळ.
वाटणीत लोखंडी जाळी माझ्याकडे आली, पाटा-वरवंटा तिकडे. ती वाटणार, भाजणार कशावर? मी भाजणार, वाटणार कशावर? भावजींची अक्कल.
हे गेल्यावर मी मासे सोडले. वास सोडला नाही. मीठ चाखायला इंदू असायची. "बरां आसा, वयनी," एवढंच. खारट असलं तरी.
बाईंना विचारलं, चाखाल का. कोल्हापूरच्या. बांगड्याच्या काट्याला नागासारख्या भितात.

२३, शनि.
बाई आमंत्रण द्यायला विसरल्या. आज आठवलं. एकीने गावी जायचं ठरवलंय, दुसरी येते म्हणाली. कोळणीला दोन डझन सांगून बसलेय. लिहा, लिहा, स्वतःबद्दल असलं तरी लिहा.

२५, सोम.
काल झालं. चूल गडग्याला लागून मांडली. "इथे का, आजी?" म्हटलं, वारा अडतो. वारा कुठे अडत होता. सगळा धूर पलीकडे. थोड्या वेळाने तिकडे खोकला. इंदूचाच. भावजी खोकतात ते सगळ्या वाडीला सांगून.
पाहुण्या बाई आल्या, जेवल्या, शाळेतल्या गमती सांगितल्या. ठरवलं तसं सगळं झालं. मी पाटावर. काही करायचं उरलंच नाही, तेच खायला उठलं. डोळ्यांसमोर यांचा पाट, इंदूचा पाट, मुलांची मारामारी शेपटीच्या तुकड्यासाठी. शेवटची जाळी चढवली आणि मी नुसती बघत राहिले.
पलीकडून आवाज. "परतून घाल गो वयनी. जळतत ते."
परतले. म्हटलं, "मीठ बघूक कोण नाय हयसर."
ताटं काढायची नाहीत ठरलं होतं. एक काढलं, पितळी. चार बांगडे, वर पान, गडग्यावर ठेवलं. पानावरच दिले असते तर परत काय येणार? टोप आत ठेवून आले तर ताट नव्हतं. मांजर मासे नेतं, ताट नेत नाही.

२८, गुरु.
ताट आलं नाही. दुसऱ्या घरचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे इंदूला मीच शिकवलं. भरून आलं तर बोलणं झालं. रिकामं आलं तर तेही बोलणंच. आणि आलंच नाही तर? बाई म्हणाल्या, वाट बघू. ती मी शिमग्यापासून बघतेय.

३०, शनि.
सकाळी पलीकडे भांडी घासायचा आवाज. मग भावजी. "ह्यां ताट खंयचां?"
इंदू म्हणाली, "खंयचां म्हंजे? आपल्याच घरातलां."
घासणं चालू.
बाई हळूच म्हणाल्या, "आजी, ताट लाटलं वाटतं त्यांनी." दुपारी जेवणच गेलं नाही. बरं वाटत होतं की वाईट, ते

२ डिसेंबर, सोमवार
भावजी कट्ट्याच्या बाजाराला गेले. मोटार गेलेली ऐकली. बाईंची शाळा भरायला वेळ आहे. वही घेऊन गडग्याशी बसलोय. मी सांगते ते बाईंनी मोठ्याने म्हणत लिहायचं. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.
ताट आपल्याच घरातलं, कबूल. म्हणून तुझ्या चुलीमागे पडून राहायचं नाही. मीठ कसं झालं होतं तेही अजून कळवलेलं नाही.
पलीकडे भांडी थांबली.
बाई, आता शुद्ध करू नका. बोलते तसंच लिहा. ताट रिकामां धाडू नको गो इंदू. खापरोळ्यो धाड. नारळाचो रस दाट कर, वेलची घाल, मागच्या खेपेक आळस केलंस. बाईंच्या दोन जास्त. आणि धाडूक कोण गावलां नाय, तर तूच घेवन ये.