कॉम्प्युटर डबल देत नाही

३ मार्च, सकाळ
निश्चय: आता गाव बदलायचं नाही. वूहू शेवटचं. खोली बरी आहे, मान बाहेर काढली तर नदी दिसते. कुरिअरच्या गोदामातलं काम सोडलं. ब्रिजला वेळ हवा. टेबलावर चौघे: मी आणि मोबाइलमधले तीन कॉम्प्युटर. समोरचा भिडूही कॉम्प्युटरच. शांत मंडळी.

५ मार्च
मोठा शोध. कॉम्प्युटर भोळा असतो. माझी पानं भिकार, फक्त इस्पिकची लांब रांग. तरी पहिल्याच बोलीत थेट 'चार इस्पिक', म्हणजे दहा हात करतो म्हणून ठणकावलं. प्रतिस्पर्ध्यांना आपसात बोलायला जागाच उरली नाही. खरा माणूस 'डबल' म्हणाला असता: करून दाखव, बुडालास तर मोठा दंड. हे दोघे गप्प. मी म्हणेन ते खरं धरतात. इतका विश्वास माझ्यावर आईनेही ठेवला नव्हता. तिला फोन करायचा होता. राहिला.

८ मार्च, दुपार
दुसरा शोध: बळीची बोली. त्यांनी 'चार बदाम' म्हटलं की आपण बुडणार हे माहीत असूनही 'चार इस्पिक' म्हणायचं. त्यांचा डाव होण्यापेक्षा आपलं बुडणं स्वस्त. कॉम्प्युटरने डबल दिलं नाही, उलट पाच बदामवर चढला आणि स्वतःच बुडाला! मी टाळ्या वाजवल्या. मग जरा वेळ भिंतीकडे कान लावला. पलीकडून कोणी ओरडलंसुद्धा नाही.
यावर पुस्तक लिहायला हवं. नाव ठरवण्यातच दुपार गेली.

११ मार्च
बदकाचं सूप शोधता शोधता निवृत्तांच्या केंद्रात शिरलो. तिथे ब्रिज चालतो! तिथल्या याओ काकूंचे भिडू म्हणजे त्यांचे यजमान. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलीकडे आहेत. रविवारी बंदरवाल्या म्हाताऱ्यांशी सामना, आणि खुर्ची रिकामी. म्हणालो, मी आहे ना. काकूंनी विचारलं, खेळतोस कोणाबरोबर? म्हणालो, रोज नवे प्रतिस्पर्धी हरवतो. त्याच टेबलावरचे थान आजोबा सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाले, घेऊन बघ गं, निदान जिना चढून धापा तरी टाकत नाही हा.
गुरुवारी चाचणी. काकूंनी न विचारता माझ्या कपात गरम पाणी ओतलं. मला लगेच 'मियाओ बाळा' म्हणाल्या. खुर्ची मिळाल्यातच जमा.

१४ मार्च, गुरुवार
पहिला डाव. मी थेट चार इस्पिक. थान आजोबांनी पानं पाहिलीच नाहीत, माझा चेहरा पाहिला. टरफल थुंकलं आणि म्हणाले, डबल. चार हातांनी बुडालो. कारण: हीटर जास्त होता, त्याने कान लाल झाले.
शेवटचा डाव. आजोबा 'चार बदाम'. काकू 'डबल'. मी लगेच 'चार इस्पिक'. आजोबा खुशीत 'डबल'. पुन्हा बुडालो. काकूंनी आपली पानं मांडून दाखवली: दोन एक्के, शिवाय बदामाचे राजा-राणी-गुलाम. आजोबांचा डाव होणारच नव्हता. बळी द्यायचं कारणच नव्हतं.
काकू म्हणाल्या, अरे, मी डबल म्हणाले ते ऐकलं नाहीस? म्हणालो, ऐकलं की. म्हणाल्या, मग मी इथे समोर कशाला बसले होते?
आजोबा म्हणाले, याला भिडू नको गं, हा एकटाच बावन्न पानं खेळतो.

१५ मार्च
चाचणी एकंदरीत चांगली झाली. नवी पद्धत पचायला वयस्कांना वेळ लागतो. काकूंचा फोन येईलच. मोबाइलवर खेळतोय. फोन आला की खेळ आपोआप थांबतो, ही चांगली सोय आहे. आज एकदाही थांबला नाही.

१७ मार्च, रविवार
केंद्रात सहज डोकावलो. खुर्चीत थान आजोबांची सून. गेल्याच महिन्यात खेळ शिकलीय म्हणे. काकू बोली करतात, ती लक्ष देऊन ऐकते, बराच वेळ विचार करते आणि 'पास' म्हणते. बस, एवढंच येतं तिला. काकू म्हणाल्या, ये बाळा, बस, बघ. म्हणालो, कामं आहेत.
दुपारी खोलीवर मोबाइल उघडला. प्रतिस्पर्ध्याचे चार बदाम. माझ्या कॉम्प्युटर-भिडूने चक्क डबल दिलं. माझ्या हातात इस्पिकची लांब रांग. बोट तिकडेच गेलं होतं, पण थांबलो. पास म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा भिडूवर विश्वास टाकला.
त्यांनी डाव केला. वर एक हात जास्तच.
मी मोठ्याने म्हणालो, असू दे रे, होतं असं कधी कधी.
त्याने पुढची पानं वाटली.