अप्पा, तुमची फाइल माझ्या हातून पुसली गेली

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, आणि पत्र लिहायला बसले ती आज. काल दुपारी माझ्या हातून तुमचं बोलणं पुसलं गेलं. माफी मागावी की तुमच्याशी भांडावं, काही समजून नाही राहिलं मला.

लोह्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही जन्मभर गाड्या पुकारल्या. घशाच्या ऑपरेशननंतर तो आवाज गेला. मग माझ्या लॅपटॉपवर एका बोटानं टाइप करायचात आणि स्क्रीन आमच्याकडं वळवायचात. शेवटच्या चार महिन्यांचं तुमचं सगळं बोलणं त्या एकाच फाइलीत होतं. खाली खाली लिहीत गेलात, मागचं कधी खोडलं नाहीत. किती जपून सेव्ह करायचात!

तुम्ही गेल्यावर ती फाइल मी एकदाही उघडली नाही. धीरच झाला नाही.

आता शाळेत मुलांना कोडिंग शिकवायचं आहे, म्हणून लातुरात मी स्वतःच क्लास लावलाय. त्रेचाळिसाव्या वर्षी! काल मॅडमनी स्वाध्याय दिला: प्रोग्राममधून एक टेक्स्ट फाइल उघडायची, तिच्या पहिल्या दहा ओळी स्क्रीनवर आणायच्या, मग तिच्यात आपली एक ओळ लिहायची. माझ्याकडं तसली फाइल एकच होती, तुमची. नवी बनवायला काय झालं होतं मला? की उघडायला निमित्तच हवं होतं?

आधी नुसती वेडीवाकडी चिन्हं आली. अक्षरं मराठी आहेत हे प्रोग्रामला वेगळं सांगावं लागतं म्हणे. सांगितलं, आणि तुम्ही बोलायला लागलात.

"हाव."

"मीठ लई झालंय."

"पंखा बंद कर."

"न्हाई, तिला नको सांगू."

नुसती उत्तरं! हो म्हणालात, पण कशाला? आम्ही काय विचारलं होतं ते त्यात कुठंच नव्हतं. कुणाला नको सांगू? आणि काय?

डोक्यात तो गोंधळ तसाच ठेवून मी पुढचा भाग केला. लिहिण्यासाठी फाइल उघडताना प्रोग्राममध्ये डब्ल्यू हे अक्षर टाकलं. चूक झाली असं काही दाखवलं नाही. पण फाइल बघितली तर तिच्यात एकच ओळ, माझी: "आज मी फाइल शिकले." बाकीचं गेलं कुठं?

"शैलाताई, डब्ल्यूनं जुनं पुसून फाइल नव्यानं सुरू होते," मॅडम म्हणाल्या. "खाली जोडायचं तर ए टाकायचा."

"मग पुसू का, म्हणून विचारत का नाही ते? फोटो काढून टाकायचा तर दोनदा विचारतं की!"

मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. परत आणायची लई खटपट केली त्यांनी. नाही आलं. स्क्रीनवरच्या दहा ओळी तेवढ्या मी वहीत उतरून घेतल्या.

घरी येऊन मायला सांगितलं. ती रागावली नाही. "वाच," म्हणाली. चौथ्या ओळीला तिनं मला थांबवलं.

"ते मी इचारलं व्हतं त्यांना. शैलाला सांगू का, म्हणून. डॉक्टर म्हणले व्हते, आता चार-सहा महिनेच हायत."

"म्हणजे 'तिला' म्हणजे मी?"

"दुसरं कोण?"

अप्पा! मी तुमच्या शेजारी बसून काना-मात्रा कुठं ते दाखवत होते, बरं वाटलं की नांदेडला आत्याकडं जाऊ म्हणत होते, आणि तुम्ही मान हलवत होतात! मला जपत होतात की स्वतःला? आणि तीच ओळ माझ्याच लॅपटॉपवर ठेवून गेलात. विसरून? की कधीतरी मी वाचावी म्हणून? खालच्या कुठल्या ओळीत हे सांगितलं होतंत का? आता कुणाला विचारू?

आज सकाळी माय जवळ येऊन बसली. "लिही, आठवतंय तेवढं सांगते." दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्याला स्वतःच अडखळली. "हे ते बोलले व्हते, का मीच?"

अप्पा, तिनं सांगितलेलं सगळं मी लिहीन, पण पुढं 'माय म्हणते' असं लावून. तिला आठवणार नाही तिथं जागा मोकळी ठेवीन. तुम्ही काय म्हणाला असाल याचा अंदाज बांधून तुमच्या तोंडी एकही शब्द घालणार नाही, मला तो कितीही ऐकावासा वाटला तरी.

तुमची,
शैला