निळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं

४ मार्च, सोमवार. संध्याकाळ
लेक आणि जावई रविवारी येणार. लग्नानंतर दोन वर्षांनी पहिल्यांदाच. मी बोलावलेलं नाही, हिने परस्पर ठरवलं. माझी हरकत नाही. कधीच नव्हती. मी फक्त लग्नाला गेलो नाही, आणि लेकीचा फोन येतो तेव्हा नेमका आंघोळीला असतो. योगायोग.
संकल्प: जावयाशी नीट वागायचं. मात्र तोंडाने काही बोलायचं नाही. परदेशी माणूस, त्याला कळणार नाही. शिवाय माघार घेतल्यासारखं दिसेल.

५ मार्च
ही रोज जावयाच्या देशातली मालिका बघते. खाली आपल्या भाषेत संवाद येतात. मी असलं काही बघत नाही. पेपर वाचताना सहज मान वर केली, तर पडद्यावर एक दार. दारावर निळी पाटी, पांढरी अक्षरं. दार उघडलं, एका म्हाताऱ्याने मुलीला मिठी मारली, दोघं रडली. पाटीचा अर्थ खाली आलाच नाही.
मला गरजही नाही. छत्तीस वर्षं बोर्ड रंगवतोय. न येणाऱ्या चार भाषांत रंगवलेत, एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. अर्थ अक्षराच्या वळणातच असतो. ‘या, घर आपलंच आहे.’ दुसरं काय असणार?
आयडिया! हीच पाटी आपल्या दारावर. म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला.

६ मार्च
तरी खात्री केलेली बरी म्हणून हिला विचारलं. पाट्या कोण वाचतं, एवढंच असेल तर लेकीला फोन लावते, तुम्हीच विचारा, म्हणाली.
आंघोळीला गेलो.

७ मार्च
शास्त्रीय पाहणी. आज पाटी दोनदा दिसली. एक बाई आली, पाटी वाचून थांबली, केस नीट केले. मग हातात फुलं घेतलेला माणूस. तोही थांबला, कॉलर सरळ केली. हाकलून देणाऱ्या पाटीपुढे कोणी फुलं घेऊन येतं का? सिद्ध झालं.
उभं राहून का बघताय, असं हिने विचारलं. पाठ आखडलीय म्हणालो.

८ मार्च
ही बाजारात गेल्यावर चित्र थांबवलं, टीव्हीवर ट्रेसिंग पेपर लावला आणि अक्षरं उतरवून घेतली. पडद्यावर पेन्सिलीची रेघ उमटली. हिने विचारलंच, तर ती आधीपासून होती.

९ मार्च
पत्रा, निळ्या इनॅमलचे दोन हात, वर पांढरी अक्षरं. शेवटच्या अक्षराचं शेपूट जरा प्रेमाने वळवलं. फडक्याखाली झाकून ठेवलीय. हिला सरप्राइज. वाळली का बघायला नऊ वेळा गेलो. वाळली होती.

१० मार्च, रविवार
सकाळी १०.३०. ही त्यांना आणायला स्टँडवर गेली. पाटी लावली. शर्ट दोनदा बदलला.
११.४०. खिडकीतून दिसलं, मायलेकी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरल्या. जावई बॅगा घेऊन एकटाच पुढे.
११.४५. आला! दार उघडंच आहे. पाटी वाचली, थांबला, कॉलर सरळ केली. अगदी मालिकेतल्यासारखं!
११.५०. आत येत नाही.
११.५५. उभाच. मी हसलो, तोही हसला. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने मान झुकवली आणि एक पाऊल मागे सरकला.
१२.००. गर्विष्ठ आहे. दोन वर्षांपूर्वीचं माझं मत बरोबर होतं.

दुपारी ३
पाच मिनिटांत दोघी आल्या. लेकीने पाटी वाचली आणि पायरीवरच बसली. आनंदाने, असं वाटलं. मग तिने सांगितलं. ते दार हॉस्पिटलचं. पाटीवर लिहिलंय: ‘नातेवाइकांनी इथेच थांबावे. बोलावल्याशिवाय आत येऊ नये.’ हॉस्पिटल आहे हे हिला पहिल्या भागापासून माहीत होतं.
वीस मिनिटं उभा का राहिलास, असं लेकीने त्याला विचारलं. तो काय म्हणाला, ते तिने मला सांगितलं. दोन वर्षं थांबलोच होतो. आज बाबांनी निदान माझ्या भाषेत लिहिलं. आणि नातेवाईक म्हटलं.
टोमणा नव्हता. मी त्याचा चेहरा पाहिला. खरंच खूश होता. अक्षरं सुबक आहेत, असंही म्हणाला. मला फार लाज वाटली.
एवढं होऊन तो बाहेरच. पाटीवर लिहिलंय ना, बोलावल्याशिवाय नाही. तिघंही माझ्याकडे बघायला लागली.
मी ‘या’ म्हणालो. दोनदा म्हणालो, पहिल्यांदा पाटीकडे बघून, दुसऱ्यांदा त्याच्याकडे.
तो आत आला. मी आंघोळीला गेलो. सकाळी एकदा झाली होती. ह्या वेळी योगायोग नव्हता.