मामीच्या नावाचा फोन

३ मे

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी बांधून झालेल्या वह्यांचे दोन गठ्ठे गिऱ्हाइकांना पोचवले. दुपारी जेवलो. साडेतीनला फोन वाजला. चष्म्याच्या दुकानातल्या बाई होत्या. सुट्टीतल्या कामासाठी तू तिथे अर्ज केला आहेस आणि ‘पूर्वी कोणाकडे काम केले’ या रकान्यात मामीचं नाव व आपला नंबर दिला आहेस, म्हणाल्या. त्यांना मामीशी बोलायचं होतं.

मामी जाऊन पाच आठवडे झाले. तरी माझ्या तोंडून निघालं, की ती जरा बाहेर गेली आहे. बरं, गुरुवारी करते, म्हणाल्या. असं का बोललो, मला समजत नाही. आता गुरुवारी काय सांगू? खरं सांगावं, तर गेलेल्या माणसाचं नाव दिलं म्हणून तुझा अर्ज खोटा ठरेल. न सांगावं, तर मला मामीचा आवाज काढावा लागेल.

मुलाखतीबद्दल विचारलं होतंस. मी आयुष्यात एकच मुलाखत दिली, तीही चुकीच्या खोलीत. तरी सांगतो, वेळेआधी पोच आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.

तुझा मामा


६ मे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. घोळ माझाच आहे. तो रकाना आला आणि हात आपोआप चालला. लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडायला गेले, तर खोडवेना. आई म्हणते, कार्टी डोकं गहाण टाकून अर्ज भरते.

मुलाखत कालच झाली. तुमच्यातला दोष सांगा, दुकानातल्या बाई म्हणाल्या. मी म्हणाले, मी फार बोलते, आणि ते सिद्ध होईपर्यंत थांबले नाही. मामीबद्दल मात्र एक शब्द निघाला नाही. आता सगळं गुरुवारच्या फोनवर आहे. मामा, मला हे काम हवंच आहे. चष्म्याच्या काचा नंबराप्रमाणे घासायला शिकवणार आहेत. कॉलेजात ते नुसतं फळ्यावर असतं. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला काही सुचत नाही.

रागावलात तरी लोभ असू द्या.

तुमची खारूताई


८ मे

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन आला. ती गेली, आणि त्या दिवशी मी खोटं बोललो, असं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, तुम्ही तर तिथेच असायचात ना, तुम्हीच सांगा. मी गोंधळलो. शिकवायची मामी, मी पलीकडे खळ ढवळत असायचो. आठवलं तेवढं सांगितलं. गेल्या सुट्टीत तू सोळा पुठ्ठे बोटभर आखूड कापलेस आणि कोणी पाहायच्या आत स्वतःच मामीपुढे नेऊन ठेवलेस. ती ओरडली नाही. त्या मापाच्या छोट्या वह्या करू, म्हणाली. मग पुढे बोलतच गेलो. तुझ्याबद्दल बोलतो आहे की तिच्याबद्दल, मलाच कळेना. बाईंनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, मुलगी कधीपासून येईल? तुला न विचारता मी सोमवार सांगितला. चुकलं असेल, तर तुझ्या आईला माझ्यावर ओरडायला सांग. बऱ्याच दिवसांत ओरडलेली नाही.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही.

काम कसं चाललं आहे ते लिहीत जा. मला वाचायला बरं वाटेल.

तुझा मामा

ता. क. दोरीवरचे कपडे वाळले आहेत. ते काढतो, घड्या घालतो, मग पत्र टाकायला जातो.